पाच तास बेचाळीस मिनिटांचा उशीर

...आणि वर म्हणतात, 'घाबरण्यासारखं काय आहे त्यात!' नाही, तुम्हीच सांगा सिस्टर, तुम्ही चौदा जणी समोर बसलाय, सगळ्यांची ड्यूटी आत्ता संपलीय, सगळ्यांना घरी जायचंय, त्या दोघींच्या तर पर्सासुद्धा खांद्याला लागल्यात, आणि मध्ये मी, नववीतली, शाळेच्या युनिफॉर्ममध्ये, हातात एक पॅड आणि पेन घेऊन उभी... मग मी घाबरू नको तर काय करू? आकडेवाले सर तिकडे जिन्यात थांबलेत. मुद्दाम! म्हणतात, 'मी आत आलो की कुणी तोंड उघडत नाही. तू जा. तुझ्याकडे बघून कुणालाच भीती वाटत नाही.' आता हे कौतुक आहे की काय आहे, मला अजून कळलेलं नाही. मी 'हो' म्हटलं. मी घाबरले की आधी 'हो' म्हणते आणि मग घाबरते. तुमच्याआधी सहा वॉर्ड झाले, सहाही वेळा हेच.

थांबा, मी पहिल्यापासून सांगते. लवकर सांगते. तुमची बस चुकणार नाही.

झालं काय, आमच्या शाळेत नववीला एक आठवडा कुठेतरी काम बघायला पाठवतात. बाईंनी वर्गात यादी वाचली. छापखाना, बँक, रोपवाटिका, बेकरी, दवाखाना. मला रोपवाटिका हवी होती. का, तर रोपं प्रश्न विचारत नाहीत. पण त्यासाठी हात वर करावा लागतो! मी हात वर करायचा की नाही याचा विचार करत होते, तेवढ्यात रोपवाटिका गेली, बेकरी तर बाईंचं वाक्य संपायच्या आत गेली, आणि शेवटी उरला दवाखाना आणि उरले मी. आणि दवाखाना कुठला? हा! माझ्या आईचा! माझी आई इथे वॉर्ड पाचची इन्चार्ज सिस्टर आहे. हो हो, त्याच. उंच, भराभर चालणाऱ्या, चष्मा डोक्यावर असतो आणि शोधत असतात तो खिशात, त्याच. घरी सांगितलं तर आई म्हणाली, "अगं, माझाच दवाखाना! घाबरण्यासारखं काय आहे त्यात?" बाबा म्हणाले, "गिळणार आहेत का तुला तिथे, भागूबाई?" घरात मला सगळे भागूबाईच म्हणतात, त्याच्या पुढचं-मागचं तुम्हाला माहीतच आहे. मी आईला एकच अट घातली. म्हटलं, "आई, तिथे कुणाला सांगू नकोस हं, मी तुझी मुलगी आहे म्हणून." कारण एकदा कळलं की संपलं! सगळ्या सिस्टर, सगळ्या मावश्या येणार, 'अगंबाई, हीच का ती! केवढी झाली! बोलत नाही का गं?' ...मला कुणी 'बोलत नाही का गं' विचारलं की माझं होतं नव्हतं ते बोलणंही बंद पडतं. आईने वचन दिलं. आई वचनाची इतकी पक्की, की सोमवारी लिफ्टमध्ये माझ्याशेजारी उभी राहून मला म्हणाली, "कितवा मजला?"

तर मला पाठवलं तळघरात, आकडेवाल्या सरांकडे. एका बाजूला धोबीखाना, दुसऱ्या बाजूला लिफ्टचं यंत्र, मध्ये ती खोली. खिडकी नाही. सर पडद्याकडे बघत होते. पडद्याकडे बघतच म्हणाले, "ये. बस. चहा घेतेस? नको? बरं." यातलं काहीही मी बोलले नव्हते! सरांच्या खिशाला चार पेनं, पण लिहिताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. आणि सर पेशंटला पेशंट म्हणत नाहीत, ओळ म्हणतात. कारण पडद्यावर प्रत्येकाची एक ओळ असते ना. "काल दोनशे अकरा ओळी आल्या." पहिल्याच दिवशी अकराच्या सुमारास सुस्कारा सोडून म्हणाले, "गेली बघ एक ओळ." मी चटकन उठून उभी राहिले, मान खाली घालून. बराच वेळ. सर म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, "वारल्या ना?" "अगं, दुसऱ्या वॉर्डात हलवली तिला! बस खाली! घाबरण्यासारखं काय आहे त्यात?"

पण एक सांगते, सरांचं काम खोटं नाही हं. तुम्हाला वाटतं ना, की तळघरात बसून आपल्या चुका काढतात? मलाही वाटलं होतं. पण त्यांनी मला दाखवलं. माणूस दारातून आत आला की घरी जाईपर्यंत त्याचं जे जे काही होतं, ते संगणकात भरलं जातं, आणि प्रत्येक गोष्टीपुढे वेळ पडते. आपण टाकायची नाही, आपोआप पडते, बटण दाबलं त्या क्षणाची. सर त्या सगळ्या वेळा गोळा करतात आणि बघतात, माणूस अडकतो कुठे. रक्ताची बाटली वरून लॅबमध्ये जायला पंचवीस मिनिटं लागत होती. का? तर ती लिफ्टची वाट बघत उभी! मग त्यांनी मोठ्या डॉक्टरीणबाईंना सांगून बाटल्यांसाठी जिन्यातून एक माणूस ठेवला, आणि पंचवीसची झाली सहा. एकोणीस मिनिटं वाचली, आणि तापाने फणफणलेल्या माणसाला एकोणीस मिनिटं म्हणजे काय ते तुम्हाला मी काय सांगणार! मला ते फार आवडलं. मनात म्हटलं, रोपवाटिका नाही मिळाली तेच बरं झालं. असं मला मंगळवारी सकाळी साडेदहापर्यंत वाटत होतं.

साडेदहाला सरांनी माझ्यापुढे एक कागद केला. इथले आकडे बाहेर कुणालाही सांगणार नाही, घरीसुद्धा नाही. सही कर. मी केली.  मग काम दिलं. सकाळी आठच्या गोळ्या. ठरलेली वेळ आठ, आणि संगणकात पडलेली वेळ जी असेल ती, यातला फरक काढायचा आणि चौकोन रंगवायचा. पंधरा मिनिटांच्या आत हिरवा, तासाच्या आत पिवळा, त्यापुढे लाल. बारा वॉर्ड. शुक्रवारी मोठ्या डॉक्टरीणबाईंसमोर सगळ्या इन्चार्जची बैठक, तिथे हे दाखवायचं.

वॉर्ड एक, पिवळा. वॉर्ड दोन, हिरवा, हिरवा, हिरवा, नुसतं गवत! तीन पिवळा, चार पिवळा. वॉर्ड पाच... लाल. लाल. लाल. मला वाटलं, माऊस अडकला. लाल. बावीस खाटा, बावीस लाल, आदल्या दिवशी बावीस लाल, त्याच्या आदल्या दिवशी बावीस लाल! सरासरी उशीर पाच तास बेचाळीस मिनिटं! सरांनी त्याचा खांब काढला, तर तो कागदावर मावेना. कागद आडवा केला. तरी मावेना. मग बाकीच्यांचे खांब एवढे एवढेसे करावे लागले, मुंग्यांएवढे, आणि त्यांच्या मध्ये माझी आई, लालभडक, छताला टेकलेली.

सर म्हणाले, "अरेरे. सकाळच्या गोळ्या दुपारी! या इन्चार्ज बदलायला हव्यात." आणि लगेच टाइप केलं हो! माझ्यासमोर! पुढच्या पानावर, 'शिफारस : वॉर्ड पाचच्या इन्चार्ज सिस्टर यांची बदली, कपड्यांचे भांडार.' कपड्यांचं भांडार! माझी आई! सव्वीस वर्षं वॉर्डात काढलेली बाई, जिला घरी भाजी चिरतानासुद्धा कुणी खोकलं तर सुरी ठेवून वळून बघायची सवय आहे, ती चादरी मोजत बसणार?

मी म्हटलं, "सर..." हे मी इतक्या हळू म्हटलं, की मलाच नीट ऐकू आलं नाही. सर म्हणाले, "हं, काय? कारण? कारण नंतर, आधी सरासरी." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि मग मी तेवढंच केलं जे मला जमतं. गप्प बसून बघत राहिले. सरांनी सरासरी बघितली होती. मी एकेक ओळ बघितली. खाट एक, एक वाजून अडतीस. खाट दोन, एक अडतीस. खाट तीन, एक अडतीस. खाट चार, एक एकोणचाळीस... खाट बावीस, एक सत्तेचाळीस. म्हणजे नऊ मिनिटांत बावीस जणांना गोळ्या! पाण्यासकट! त्यातले सहा जण उठून बसू शकत नाहीत, एक आजोबा तर गोळी गालात धरून ठेवतात आणि सिस्टर गेली की उशीखाली लपवतात, आई रोज सांगते. नऊ मिनिटांत कशा देईल? दारात उभी राहून फेकते का?

संध्याकाळी जेवताना आई म्हणाली, "मग? आज काय केलंस?"

"रंगवलं."

"काय रंगवलंस?"

"चौकोन."

"एवढ्या मोठ्या दवाखान्यात तुला चौकोन रंगवायला बसवलं? कुठल्या रंगाने?"

मी पाणी प्यायले. पुन्हा प्यायले. बाबा म्हणाले, "अगं, रंग विचारलाय, जन्मतारीख नाही."

"लाल," म्हटलं, आणि ठसका लागला तो असा लागला की आईने पाठ थोपटली. माझी पाठ! तीच थोपटते! आणि मी सही केलेली! सांगता येत नाही, गिळता येत नाही. बाबा म्हणाले, "चौकोनांना घाबरते ही. चौकोनांना! घाबरण्यासारखं काय आहे त्यात?"

मग मी हात धुवायला गेले. आणि तिथे... आता हे तुम्हाला खरं वाटणार नाही, किंवा तुम्हालाच तेवढं खरं वाटेल. आमच्या बेसिनच्या वरच्या टाइल्सवर कागदी चिकटपट्ट्या आहेत. सलाइनची सुई बसवली की लावतात ना, ती पांढरी पट्टी. आई सकाळी एक लांब पट्टी डाव्या हाताला चिकटवते, मनगटापासून कोपरापर्यंत, पावणेआठलाच सुरू करते, आणि गोळी दिली की तिच्यावर लिहिते. खाट सात, आठ-शून्य-चार. खाट नऊ, आठ-अकरा. कारण वॉर्ड पाचला संगणक एकच, तो त्या टोकाला, चादरींच्या कपाटाशेजारी, कारण प्लग तिथेच आहे, आणि दोन मिनिटं हात लावला नाही की तो झोपतो, मग पुन्हा पासवर्ड, आणि पासवर्डात एक मोठं अक्षर, एक आकडा आणि एक फुली-बिली काहीतरी. बावीस वेळा तिकडे जायचं आणि बावीस वेळा त्याला उठवायचं, की बावीस माणसांना गोळ्या द्यायच्या? मग आई दुपारी ड्यूटी बदलायच्या आधी एकदाच बसते आणि पट्टीवरून सगळं भरते. नऊ मिनिटांत! आणि पट्टी हातावरच राहते. घरी येऊन हात धुताना काढते आणि लावते टाइलला. महिन्याने कधीतरी खरवडते. मी सहा वर्षं तोंड धुताना त्या पट्ट्या बघतेय. सहा वर्षं! आणि त्या दिवशी पहिल्यांदा वाचल्या.

एकोणीस पट्ट्या होत्या. एकोणीस सकाळी, प्रत्येकी बावीस खाटा, चारशे अठरा वेळा. मी बुधवारी पहाटे उठून सगळ्या सोडवल्या, पुठ्ठ्यावर चिकटवल्या आणि वहीत हिशोब मांडला. आठपासून सरासरी फरक किती? सहा मिनिटं. सहा! हिरवा! सगळं हिरवं!

मग नाचायचं ना? नाही! कारण मी बसले आणि विचार केला, आणि विचार केला की माझं असंच होतं. समजा मी गप्प बसले, तर आई उशीर करणारी ठरते, आणि जाते भांडारात. समजा मी पट्ट्या दाखवल्या, तर आई गोळ्या वेळेवर देते हे कळतं, पण नियम आहे, 'नोंद तिथल्या तिथे', तो सहा वर्षं रोज मोडते हेही कळतं! आणि तेही कुणी सांगितलं, तर पोटच्या पोरीने! पुठ्ठ्यावर चिकटवून! मी ठरवलं, आपण आजारी पडायचं. शुक्रवारपर्यंत ताप आणायचा. आईला विचारायला गेले, "आई, अंग कोमट लागतंय का गं?" तिने लांबूनच माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "शाळेचे बूट घाल."

आणि त्याच बुधवारी दुपारी बाराला सरांनी मला वॉर्ड पाचला पाठवलं, कसला तरी कागद देऊन. मी आत गेले, तर संगणकापाशी एक तरुण डॉक्टर उभे. नवे असावेत, कारण आईला ओळखत नव्हते. पडदा बघून म्हणाले, "नऊ नंबरला सकाळची रक्त पातळ करायची गोळी दिलीच नाही? बारा वाजले! द्या आत्ता." नवीन आलेल्या एक सिस्टर आहेत तिथे, त्या बिचाऱ्या पळाल्या, गोळी काढली, वाटीत घातली, आणि नऊ नंबरचे आजोबा, तेच ते उशीखाली गोळी ठेवणारे, त्या दिवशी एवढे गुणी, की तोंड उघडून तयार! आणि मला माहीत होतं ना! आठ-अकरा! म्हणजे त्या दिवशीचं नव्हतं माहीत, पण आई कधी गोळी चुकवत नाही हे माहीत होतं. मी ओरडायला तोंड उघडलं... आणि आवाजच आला नाही. खरं सांगते. आजोबांचं तोंड उघडं, माझं तोंड उघडं, आवाज कुणाचाच नाही.

"थांब!" आई वॉर्डाच्या त्या टोकाहून ओरडली, डावा हात वर करून, पट्टी दाखवत. "नऊ नंबर, आठ वाजून नऊ मिनिटं! मी दिलीय! ठेव ती वाटी खाली!"

वाटी खाली गेली. डॉक्टर म्हणाले, "मग इथे का नाही दिसत?" आई म्हणाली, "दिसेल, दुपारी." आणि कामाला लागली. मी भिंतीला टेकून उभी होते. इतका वेळ, की खाट आठच्या बाई मला म्हणाल्या, "ये गं बस माझ्या पायाशी. घाबरण्यासारखं काय आहे त्यात? मलासुद्धा पहिल्या दिवशी भीती वाटली होती." म्हणजे मी त्यांना ॲडमिट झालेली वाटले!

पण मला कळलं. आई त्या क्षणी वॉर्डात नसती तर? खाली औषधं आणायला गेली असती तर? पट्टी कुणाच्या हातावर, तर तिच्या. आजोबांची गोळी दिली हे साऱ्या दवाखान्यात फक्त एका हाताला माहीत होतं.

शुक्रवार. मोठी खोली, लांब टेबल, बारा वॉर्डांच्या बारा इन्चार्ज, टोकाला मोठ्या डॉक्टरीणबाई, त्यांचे केस पांढरे आणि आवाज त्याहून पांढरा, म्हणजे त्यात काही रंगच नाही, ओरडत आहेत की शाबासकी देताहेत ते कळत नाही. आई चौथ्या खुर्चीवर. माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती, वचन ना! सर मला म्हणाले, "मी बोलतो. तू फक्त बटण दाब, पान पुढे जाईल. एक बोट लागतं. घाबरण्यासारखं काय आहे त्यात?"

दाबलं. वॉर्ड एक. दाबलं. वॉर्ड दोन, सगळं हिरवं, मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उत्तम." वॉर्ड दोनच्या इन्चार्जबाईंनी साडी सारखी केली. तीन. चार. पाच. तो लाल खांब! भिंतीवर तर तो दुप्पट मोठा! खोलीत सगळ्यांनी श्वास आत घेतला. आई बघत राहिली. तिला कळेचना की ते तिचंच आहे. मग खालचं नाव वाचलं आणि चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर घेतला... सर म्हणाले, "यावरची शिफारस पुढच्या पानावर आहे. पुढे."

मी बटण दाबलं नाही.

"पुढे, बाळ."

नाही दाबलं. मी ठरवून नाही दाबलं असं समजू नका, माझी तेवढी हिंमत नाही! बोटच हलेना. मी त्याला म्हणत होते हल, तर ते म्हणत होतं मी नाही. सर म्हणाले, "अडकलं का?" मी म्हटलं, "नाही." "मग दाब की." मी म्हटलं, "नाही." बघा, दोनच शब्द, दोन्ही 'नाही'. आयुष्यात एवढ्या लोकांसमोर मी बोललेले पहिले दोन शब्द.

मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "का नाही?"

आणि मग मी दप्तरातून पुठ्ठा काढला. बोलता येईना, म्हणून नुसता वर धरला. तोही उलटा. कुणीतरी सरळ केला. आईने तो बघितला, आणि तिच्या तोंडून आलं, "अगं, या माझ्या बेसिनच्या..." वचन संपलं!

सर पहिल्यांदा पडद्यावरून नजर काढून माझ्याकडे बघत होते. "या तुझ्या कोण?"

"आई."

 सरांचा चेहरा पट्टीसारखा पांढरा. आणि मग मी बोलले. कशी ते विचारू नका. एका दमात, खाली बघत, टेबलाच्या पायाला सगळं सांगितलं. बावीस खाटा, नऊ मिनिटं, संगणक त्या टोकाला, तो झोपतो, चारशे अठरा वेळा, सरासरी सहा. सर, ही गोळी दिल्याची वेळ नाही, ही आईला बसायला मिळाल्याची वेळ आहे.

मोठ्या डॉक्टरीणबाई आईला म्हणाल्या, "नियम मोडलात तुम्ही."

"हो," आई म्हणाली. आणि मग काय म्हणाली? तिने गप्प बसायला हवं होतं की नाही? मी तिला वाचवत होते! तर ती म्हणाली, "आणि नऊ नंबरचंही सांग. ते राहिलं का? मग मी सांगते." आणि तिने स्वतः, स्वतःच्या तोंडाने सांगितलं, की बुधवारी एका माणसाला रक्त पातळ करायची गोळी दुसऱ्यांदा मिळता मिळता राहिली, माझ्या पट्टीमुळे. "पट्टी माझ्या हातावर होती, पडद्यावर नव्हती. मी खाली गेले असते तर मिळाली असती. हे मला दोन रात्री टोचतंय."

 मोठ्या डॉक्टरीणबाई वळल्या वॉर्ड दोनकडे. "मग तुमच्याकडे बरोबर आठला कसं जमतं? रोज? आठ, आठ, आठ?"

वॉर्ड दोनच्या इन्चार्जबाई आधी माझ्याकडे बघायला लागल्या. तुम्हाला सांगते, मी टेबलाखाली जायचीच बाकी होते. मी काहीही बोलले नव्हते! त्यांचे ते आठ-आठ-आठ मला दिसले होते, पण मी बोलले नव्हते! मग त्यांनी माझ्या हातातल्या पुठ्ठ्याकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "आम्ही आधी भरतो. आठला पाच कमी असतानाच बसून सगळ्यांना 'दिली' म्हणून भरून टाकतो, वेळ आपोआप आठचीच पडते. सव्वाआठला राऊंड येतो, पडदा रिकामा दिसला की आम्ही बोलणी खातो. मग देतो नंतर. ...कधी कोणी एक्स-रेला गेलेलं असतं."

सरांनी खिशातलं पेन काढलं. पहिल्यांदा! आणि त्यांना लिहायला कागदच मिळेना.

तर असं. मग काय झालं म्हणता? आई वॉर्ड पाचलाच आहे. तिला लेखी ताकीद मिळाली, उशिरा नोंद केल्याबद्दल, आणि त्याच कागदाच्या दुसऱ्या परिच्छेदात वॉर्डाला तीन संगणक मिळाले, ट्रॉलीवर फिरणारे, न झोपणारे. सरांनी ते शिफारशीचं पान पुसलं आणि आता रोज सकाळी तळघरातून वर येऊन एका वॉर्डात तासभर उभे राहतात. उन्हात आल्यासारखे डोळे बारीक करून. आणि आई माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. दोन दिवस! तिसऱ्या दिवशी बेसिनपाशी उभी राहून म्हणाली, "सगळ्या मोजल्यास?"

"हो."

"आणि सरासरी किती म्हणालीस?"

"सहा मिनिटं."

आईने साबण लावला, हात धुतले, पुसले. "सहा नसणार. चार असेल. पुन्हा मोज."

आणि माझी सुटका झाली असं तुम्हाला वाटलं असेल! कुठली सुटका! सर म्हणाले, बारा वॉर्डांच्या वेळा संगणकात आहेत, पण त्यातल्या खऱ्या कुठल्या आणि बसायला मिळाल्याच्या कुठल्या, हे कळल्याशिवाय एकही खांब काढता येणार नाही. खऱ्या वेळा सगळ्या सिस्टर कुठेतरी लिहितातच. फक्त सरांना कुणी सांगणार नाही. मग कोण विचारेल? ...शाळेत पत्र आलं. बाईंनी ते वर्गात वाचून दाखवलं, आणि दर शनिवारी मी इथे. वॉर्ड तीनला हातमोज्यांच्या खोक्याचं झाकण निघालं. वॉर्ड आठला ॲप्रनची आतली बाजू. वॉर्ड सहाला एक दादा आहेत, ते सलाइनच्या स्टँडला खडूने लिहितात आणि पेशंट घरी गेला की पुसतात. या पॅडवर नाव कुणाचंच लिहायचं नाही, सरांना बजावून सांगितलंय, नुसता वॉर्ड आणि जागा. ताकीदसुद्धा कुणाला मिळणार नाही, मोठ्या डॉक्टरीणबाईंनी सही करून दिलंय, हे बघा. ती शेवटची ताकीद आईची.

तर सिस्टर... विचारू? विचारते हं. तुम्ही वेळा कुठे लिहिता?

...

कुणीच नाही?

...

हे बघा, अशा एकमेकींकडे बघू नका, मला रडू येईल. आणि सगळ्यांनी एकदम हात पाठीमागे कशाला घेतले? मी शिक्षा नाही करणार हो, मला ती करतासुद्धा येत नाही.

...बरं. राहू दे. तुमची बस येईल. मीच लिहिते.

वॉर्ड अकरा : तळहात.